यकृत वाढतं कसं, थांबतं कसं आणि कधी थांबत नाही

वडिलांचं यकृत निकामी झालं आणि मुलाने किंवा मुलीने आपल्या यकृताचा तुकडा दिला, अशी घरं आता आपल्या ओळखीत असतात. भारतात होणाऱ्या यकृत प्रत्यारोपणांपैकी बहुतेक अशीच, जिवंत दात्याकडून होतात. रुग्ण मोठा माणूस असेल तर बहुधा दात्याच्या यकृताचा उजवा भाग काढतात. तो एकूण यकृताच्या ६० टक्क्यांच्या आसपास भरतो, म्हणजे दात्याकडे निम्म्याहून कमी उरतं. तरीही दोन-तीन महिन्यांनी तपासलं की त्याचं यकृत जवळजवळ पहिल्याएवढं झालेलं दिसतं, आणि वडिलांच्या पोटातला तुकडाही त्यांच्या शरीराला पुरेल इतका वाढलेला असतो.

यकृत वाढतं हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला त्याहून मोठं नवल वाटतं ते त्याच्या थांबण्याचं. दोन्ही पोटांत ते हवं तेवढं झालं की थांबतं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गला एका माणसाला बबून माकडाचं यकृत बसवलं होतं. तो रुग्ण ७० दिवस जगला, पण तेवढ्यात ते लहानसं यकृत माणसाच्या अंगाला साजेल इतकं वाढलं. आपण किती मोठं व्हायचं, हा हिशेब यकृत ज्या शरीरात असतं त्या शरीराकडून घेतं. हा हिशेब पेशींना मिळणाऱ्या निरोपांवर चालतो, आणि निरोपांची ने-आण करतात ती प्रथिनं. हीच प्रथिनं बिघडली, किंवा न बिघडताही वर्षानुवर्षं ‘वाढा, वाढा’ असंच सांगत राहिली, तर यकृताचा कर्करोग होतो. दुरुस्तीचे निरोप आणि कर्करोगाचे निरोप बहुतांशी एकच आहेत. एवढं लक्षात आलं की औषधं अपुरी का पडतात, बाळाला जन्मल्याबरोबर हिपॅटायटिस बीची लस का देतात, अशा बऱ्याच गोष्टी उलगडायला लागतात.

२०२२ मध्ये जगात यकृताच्या कर्करोगाचे (यकृतातल्या पित्तनलिकांचा धरून) साडेआठ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि साडेसात लाखांहून अधिक माणसं त्याने गेली. हे दोन आकडे इतके जवळ आहेत, यावरूनच हा आजार किती वाईट ते कळतं. इथे बोलायचं आहे ते यकृताच्या मुख्य पेशींपासून सुरू होणाऱ्या कर्करोगाबद्दल. आतड्याचा किंवा स्तनाचा कर्करोग पसरून यकृतात गाठी होतात, तो निराळा आजार.

रक्तातून येणारा निरोप

यकृताच्या मुख्य पेशीला हेपॅटोसाइट म्हणतात. प्रथिनं बनवणं, साखर साठवणं, औषधांचं आणि दारूचं विघटन करणं, पित्त तयार करणं अशी शेकडो कामं ती करते. मात्र ती एरवी विभागत नाही. निरोगी यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर हजारो पेशींमध्ये एखादीच विभाजनाच्या वाटेवर दिसते.

१९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या अमेरिकी संशोधकांनी रॅट जातीच्या उंदरांच्या यकृताचे मोठे खंड कापून काढले. सुमारे दोन-तृतीयांश यकृत गेलं. काढलेले खंड पुन्हा फुटून आले नाहीत, पण उरलेले खंड आठवडा-दहा दिवसांत वाढले आणि एकूण वजन भरून निघालं. ही शस्त्रक्रिया आजही यकृताच्या अभ्यासात जशीच्या तशी वापरतात. रॅटमध्ये ती केल्यावर साधारण २४ तासांत बहुसंख्य हेपॅटोसाइट डीएनएची नक्कल काढायला लागलेल्या असतात. महिनोन्‌महिने शांत असलेल्या पेशी एका दिवसात कामाला लागतात.

त्यांना हे सांगतं कोण? १९६७ मध्ये मूल्टेन आणि नॅन्सी बुचर यांनी दोन रॅटचं रक्ताभिसरण नळ्यांनी एकमेकांना जोडलं आणि एकाचंच यकृत कापलं. ज्याच्या यकृताला हातही लावला नव्हता, त्याच्याही यकृतपेशी डीएनए बनवू लागल्या. निरोप रक्तातून येतो, एवढं त्यावरून पक्कं झालं. काय येतं, ते शोधायला आणखी सतरा वर्षं लागली.

१९८४ मध्ये जपानमध्ये तोशिकाझु नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी, यकृत कापलेल्या रॅटच्या रक्तातून हेपॅटोसाइटना वाढायला लावणारं एक प्रथिन वेगळं काढलं. त्याला एचजीएफ (हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर) म्हणतात. त्याच वर्षी अमेरिकेतल्या वेगळ्याच प्रयोगशाळेत, यकृताशी काहीही संबंध नसलेल्या कामातून, एक कर्करोगकारक जनुक हाती लागलं. माणसाच्या हाडाच्या कर्करोगातल्या पेशींवर रसायनाची प्रक्रिया केली होती, त्यांत ते सापडलं, आणि त्याला मेट हे नाव मिळालं. दोन्ही गटांना एकमेकांच्या कामाचा संबंध दिसण्याचं कारणच नव्हतं. १९९१ मध्ये कळलं की मेट जनुक ज्या प्रथिनाची कृती सांगतं, ते प्रथिन म्हणजेच एचजीएफ ज्याला येऊन चिकटतं तो रिसेप्टर. यकृत वाढवणारं प्रथिन शोधणारे आणि कर्करोगाचं जनुक शोधणारे एकाच निरोपाच्या दोन टोकांना उभे होते. या विषयात मला सगळ्यात बोलका वाटतो तो हाच प्रसंग.

हा निरोप पोहोचतो कसा, ते जरा जवळून पाहू. एचजीएफ यकृतात आधीपासून साठवलेलं असतं, पण पेशींभोवतीच्या जाळ्यात अडकलेल्या, निष्क्रिय रूपात. यकृताचा मोठा भाग कापला की आतड्यांकडून येणारं सगळं रक्त उरलेल्या छोट्या भागातून जायला लागतं. तिथला दाब आणि प्रवाह वाढतो, काही मिनिटांत युरोकायनेज नावाचं विकर जागं होतं, आणि ते एचजीएफला एका ठरावीक जागी कापून सक्रिय करतं. रॅटमध्ये तासाभरात रक्तातलं एचजीएफ वीस पटींहून जास्त झालेलं असतं.

मेट हे प्रथिन हेपॅटोसाइटच्या आवरणातून आरपार गेलेलं असतं, अर्धं बाहेर आणि अर्धं आत. बाहेरच्या बाजूला एचजीएफ चिकटलं की शेजारची दोन मेट जवळ येतात आणि आतल्या बाजूने एकमेकांना फॉस्फेट हा छोटासा रासायनिक गट लावतात. मेट हा हजारापेक्षा जास्त अमिनो आम्लांचा लांब धागा आहे. त्यातल्या १२३४ आणि १२३५ क्रमांकाच्या जागांवर फॉस्फेट बसलं की ते पुरतं कामाला लागतं. मग शेपटीकडच्या आणखी दोन जागांवर फॉस्फेट बसतं, आणि पेशीच्या आतली दुसरी प्रथिनं तिथे येऊन चिकटतात. तिथून निरोप पुढे सरकतो: रास, रासकडून राफ, राफकडून मेक, मेककडून एर्क. एर्क पेशीकेंद्रकात शिरतं आणि सायक्लिन डी१ हे प्रथिन बनवायला लावतं. सायक्लिन डी१ पुरेसं साठलं की पेशी विभाजनाच्या वाटेला लागते आणि सहसा मागे फिरत नाही.

वाढीचा निरोप आणणारं एचजीएफ एकटं नाही. ईजीएफ आणि त्याच्या कुळातली इतर प्रथिनं आपल्या वेगळ्या रिसेप्टरवरून जवळपास तेच काम करतात. ईजीएफ शोधणाऱ्या स्टॅनली कोहेन यांना १९८६ चं नोबेल पारितोषिक रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत मिळालं. उंदरांमध्ये दोन्हींपैकी एक वाट बंद केली तर यकृत रखडत का होईना, वाढतं. दोन्ही बंद केल्या की ते वाढत नाही.

आधी पूर्वतयारी

शांत बसलेल्या पेशीला थेट एचजीएफ दिलं तर ती फारसा प्रतिसाद देत नाही. तिला आधी तयार करावं लागतं, आणि ते काम यकृतातल्या रोगप्रतिकारक पेशी करतात. कुप्फर पेशी यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांत ठाण मांडून असतात. इजा झाल्याची चाहूल लागली की त्या टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ ही प्रथिनं सोडतात. इंटरल्यूकिन-६ मुळे हेपॅटोसाइटमधलं स्टॅट३ नावाचं प्रथिन सक्रिय होतं, केंद्रकात जातं आणि पुढच्या निरोपासाठी पेशी तयार होते. इंटरल्यूकिन-६ चं जनुकच नसलेल्या उंदरांचं यकृत कापल्यावर नीट भरून येत नाही, हे १९९६ मध्ये दाखवलं गेलं.

ही दोन्ही प्रथिनं दाह निर्माण करणारी आहेत. संधिवातात सांधे सुजवणारी हीच. यकृतात ती दुरुस्तीला उपयोगी पडतात, कारण तिथे ती थोड्या वेळासाठी येतात आणि जातात.

यकृताचा कर्करोग पुरुषांमध्ये स्त्रियांच्या दोन-तीन पट आढळतो. पुरुष दारू जास्त पितात हे एक कारण आहेच, पण ते पुरेसं नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नर आणि मादी उंदरांना यकृताचा कर्करोग करणारं एकच रसायन दिलं. नरांच्या कुप्फर पेशींनी माद्यांपेक्षा बरंच जास्त इंटरल्यूकिन-६ सोडलं, आणि गाठीही त्यांनाच जास्त झाल्या. माद्यांमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक इंटरल्यूकिन-६ ला आवर घालत होतं. नरांमधलं इंटरल्यूकिन-६ चं जनुक काढून टाकल्यावर हा फरक जवळपास मिटला. उंदरांवरून माणसांबद्दल लगेच निष्कर्ष काढू नये हे खरं. तरीही दुरुस्तीची पूर्वतयारी करणारं प्रथिन जरा जास्त झालं की तेच कर्करोगाला हात देतं, हे या प्रयोगात लख्ख दिसतं.

पुरे, आता थांबा

गच्चीवरची टाकी भरायला मोटर लावली की तिच्याइतकंच महत्त्व टाकी भरल्याचं सांगणाऱ्या तरंगत्या चेंडूला असतं. तो अडकला तर मोटरमध्ये काहीही दोष नसताना पाणी जिन्यावरून वाहू लागतं. यकृतात ‘भरलं’ हे सांगणारी प्रथिनं एकाहून जास्त आहेत.

टीजीएफ-बीटा हे त्यातलं जुनं माहीत असलेलं. ते हेपॅटोसाइटचं विभाजन रोखतं. यकृत कापल्यावर पहिले काही दिवस पेशी त्याला दाद देत नाहीत, नंतर पुन्हा देऊ लागतात.

दुसरी यंत्रणा आधी फळमाशीत सापडली आणि तिचं नाव हिप्पो. त्या माशीतलं हिप्पो जनुक बंद पाडलं की तिचे अवयव बेसुमार वाढतात. माणसातही हीच यंत्रणा आहे. तिच्या शेवटी याप नावाचं प्रथिन असतं. याप केंद्रकात गेलं की वाढीची जनुकं चालू होतात. हिप्पोची साखळी चालू असेल तर यापवर फॉस्फेट लावलं जातं आणि त्याला केंद्रकाबाहेरच अडकवून ठेवलं जातं. मेटवर फॉस्फेट लागलं की निरोप सुरू झाला होता, यापवर लागलं की बंद होतो. फॉस्फेट ही नुसती खूण आहे. तिचा अर्थ ती कुठल्या प्रथिनावर, कुठल्या जागी लागली यावर ठरतो. शेजारच्या पेशींची दाटी झाली की हिप्पो चालू होतं, पेशी सुट्या आणि ताणलेल्या असतील तर बंद पडतं. जागा भरली की नाही, हे पेशीला कळण्याची ही एक वाट.

२००७ मध्ये दोन प्रयोगशाळांनी उंदरांच्या यकृतात याप मुद्दाम जास्त बनेल अशी सोय केली. ती सोय औषध देऊन चालू-बंद करता येत होती. उंदराचं यकृत एरवी त्याच्या वजनाच्या पाचेक टक्के असतं. याप चालू केल्यावर चार आठवड्यांत ते २५ टक्क्यांच्या आसपास गेलं. पोटात यकृताशिवाय काही दिसेना. औषध थांबवून याप पुन्हा नेहमीच्या पातळीवर आणल्यावर ते सुजल्यासारखं वाढलेलं यकृत आकसून मूळ आकाराकडे परतलं. पण याप महिनोन्‌महिने चालूच ठेवलं तेव्हा यकृतात कर्करोगाच्या गाठी झाल्या. काही आठवडे चालला तर परतता येतं, महिने चालला तर कर्करोग: निरोप तोच, काळ वेगळा.

दुरुस्ती कायमची झाली की

प्रत्यारोपणाच्या दात्याला इजा एकदाच होते. हिपॅटायटिस बी किंवा सी, रोजची दारू, मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर येणारी यकृतातली चरबी, यांत इजा रोज होते. रोज काही पेशी मरतात, रोज इंटरल्यूकिन-६ सुटतं, रोज उरलेल्या पेशींना विभागायला सांगितलं जातं. वीस-तीस वर्षं हेच चालतं.

त्यात यकृतातल्या तारकापेशींचं रूप पालटतं. एरवी त्या अ जीवनसत्त्व साठवून निवांत असतात. सतत दाह असला की त्या कोलॅजेन बनवू लागतात, म्हणजे व्रण तयार होतो. त्यांना हे करायला सांगणारं मुख्य प्रथिन टीजीएफ-बीटा, तेच जे हेपॅटोसाइटना थांबायला सांगत होतं. व्रणांचे पट्टे यकृतभर पसरले की त्याला सिरॉसिस म्हणतात. यकृताचे ८० ते ९० टक्के कर्करोग सिरॉसिस झालेल्या यकृतात होतात.

प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल काढावी लागते आणि नकलेत चुका होतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात किंवा दुरुस्त होतात. काही मात्र नेमक्या निरोपाच्या साखळीवर बसतात.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक टर्ट या जनुकाच्या चालू-बंद करणाऱ्या भागात होते, निम्म्याहून अधिक गाठींत. गुणसूत्रांची टोकं प्रत्येक विभाजनात झिजतात आणि एका मर्यादेनंतर पेशी विभागणं थांबवते. टर्ट चालू झालं की ही मर्यादा राहत नाही.

दुसरी बीटा-कॅटेनिनमधली, साधारण एक-तृतीयांश गाठींत. बीटा-कॅटेनिन पेशीत सतत बनतं आणि सतत नष्ट केलं जातं. नष्ट करण्यासाठी त्याच्या धाग्यावरच्या ३३, ३७, ४१ आणि ४५ या जागांवर फॉस्फेटच्या खुणा कराव्या लागतात. वन्ट या कुळातलं प्रथिन बाहेरून निरोप घेऊन आलं तरच या खुणा थांबतात, बीटा-कॅटेनिन साठतं आणि वाढीची जनुकं चालू करतं. आता या चारांपैकी एकाच जागेचं अमिनो आम्ल बदललं तर तिथे खूण होऊ शकत नाही. वन्ट आलेलं नसतानाही पेशी वन्ट आल्यासारखी वागते. एका अक्षराची चूक, आणि बाहेरून कोणी काही सांगण्याची गरजच उरत नाही.

तिसरी पी५३ मधली. पी५३ हे डीएनएला धक्का बसला तर पेशीला थांबवणारं प्रथिन. १९९१ मध्ये चीनमधल्या छिदोंग भागातल्या आणि आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा बऱ्याच जणांच्या पी५३ मध्ये अगदी एकाच ठिकाणी, २४९ व्या जागी, एकच बदल सापडला. दोन्हीकडे समान होतं ते अफ्लाटॉक्सिन: मका, शेंगदाणे ओलसर जागी ठेवले की त्यांवर जी बुरशी येते तिचं विष. ते यकृतात गेल्यावर डीएनएला चिकटतं आणि ठरावीक प्रकारची चूक घडवतं. कर्करोगाच्या गाठीत कारणाची खूण इतकी स्पष्ट सापडावी, असं फार थोड्या आजारांत घडतं. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली होती. तो अफ्लाटॉक्सिनचा एकदम मोठ्या मात्रेने झालेला परिणाम होता. कर्करोग होतो तो थोड्या थोड्या मात्रेने, वर्षानुवर्षं. ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांना हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. शेंगदाणे भाजल्याने हे विष पुरतं जात नाही. बुरशी दिसली, कडवट लागले, तर ते दाणे कुटात घालू नयेत, फेकून द्यावेत.

मग निरोप तोडूनच टाकले तर?

हा विचार कोणालाही सुचेल. वाढीचे निरोप कर्करोग करतात ना, मग ते बंद करा. इथे यकृताने संशोधकांना चांगलंच कोड्यात टाकलं.

शिप२ (SHP2) हे प्रथिन घ्या. मेट किंवा ईजीएफच्या रिसेप्टरकडून आलेला निरोप रासपर्यंत नेण्यात त्याचा हात असतो. त्याचं जनुक बिघडून ते गरजेपेक्षा जास्त काम करू लागलं तर लहान मुलांना एका प्रकारचा रक्ताचा कर्करोग होतो, म्हणून त्याची गणना कर्करोगकारकांत होते. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथल्या गेन-शेंग फेंग यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या फक्त हेपॅटोसाइटमधून शिप२ काढून टाकलं. अपेक्षेप्रमाणे यकृत कापल्यावर त्याची वाढ रखडली. पण २०११ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते अपेक्षेच्या उलट होतं: शिप२ नसलेल्या उंदरांच्या यकृतात वय झाल्यावर आपसूक गाठी झाल्या, आणि कर्करोग करणारं रसायन दिलं तेव्हा त्यांना तो इतरांपेक्षा जास्त झाला. हेपॅटोसाइटमधून मेट काढलेल्या उंदरांचंही तसंच झालं. दाहाच्या निरोपातलं आयकेके-बीटा हे प्रथिन काढलं, तरीही तेच.

याचं उत्तर यकृताच्या स्वभावात आहे. हे निरोप पेशीला फक्त ‘वाढ’ असं सांगत नाहीत, ‘जग, तग धर’ असंही सांगतात. ते मिळाले नाहीत तर पेशी सहज मरतात. मेलेल्या पेशींमुळे दाह होतो, कुप्फर पेशी इंटरल्यूकिन-६ सोडतात, आणि ज्या पेशी उरल्या आहेत त्यांच्यावर जागा भरून काढण्याचा दबाव येतो. त्या उरलेल्यांत एखादी आधीच बिघडलेली असेल तर तिचं फावतं. एक वाट बंद केली तर यकृत दुसऱ्या वाटेने दुरुस्ती करायला जातं, आणि ती वाट अधिक धोक्याची निघते.

म्हणून ‘अमुक प्रथिन कर्करोग करतं’ अशी बातमी वाचली की मी आधी पाहते, कुठल्या पेशीत, किती काळ आणि आजूबाजूला काय चालू असताना. एकच प्रथिन रक्तात मारक आणि यकृतात तारक असू शकतं. बातम्यांतून नेमकी हीच माहिती गळलेली असते.

औषधं, आणि मुंबईतला एक निकाल

पुढच्या टप्प्यावर गेलेल्या यकृताच्या कर्करोगात आयुष्य वाढवतं असं सिद्ध झालेलं पहिलं औषध सोराफेनिब. ते राफला आणि गाठीकडे रक्तवाहिन्या ओढून आणणाऱ्या व्हीईजीएफच्या रिसेप्टरला अडवतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सोराफेनिब घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १०.७ महिने भरलं, न घेणाऱ्यांचं ७.९. फरक तीन महिन्यांपेक्षाही कमी. पण त्याआधी देण्यासारखं काहीच नव्हतं.

या औषधाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. भारतात त्याचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतून पेटंट नियंत्रकांनी नॅटको या हैदराबादच्या कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवायचा, परवाना दिला. देशातला हा असा पहिलाच परवाना. किंमत ठरली महिन्याला जास्तीत जास्त ८,८८० रुपये, आणि मूळ पेटंटधारक बायर कंपनीला स्वामित्वशुल्क. बायर न्यायालयात गेली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. मला हा निकाल विज्ञानाइतकाच महत्त्वाचा वाटतो. घर विकून मिळणारे तीन महिने आणि परवडणाऱ्या गोळीने मिळणारे तीन महिने, यांत फार अंतर आहे.

पुढे मेटलाच अडवण्याचा प्रयत्न झाला. ज्यांच्या गाठीत मेट जास्त आहे असेच रुग्ण निवडून टिव्हँटिनिब दिलं, तरी मोठ्या चाचणीत ते निष्फळ ठरलं. कॅबोझँटिनिब मेटसोबत इतर रिसेप्टरही अडवतं. त्याचा थोडा उपयोग झाला. गाठीला वाढीच्या अनेक वाटा माहीत असतात, आणि एकाच गाठीतल्या सगळ्या पेशी एकाच वाटेवर नसतात. शिवाय आजूबाजूचं यकृत सिरॉसिसने आधीच दुबळं झालेलं असतं, त्यामुळे औषधाची मात्रा मनाजोगी वाढवता येत नाही.

मोठा बदल झाला तो २०२० मध्ये. ॲटेझोलिझुमॅब हे रोगप्रतिकारशक्तीला मोकळं करणारं औषध आणि व्हीईजीएफला अडवणारं बेव्हासिझुमॅब अशी जोडी सोराफेनिबपेक्षा सरस ठरली: मध्यम आयुर्मान १९.२ महिने, सोराफेनिबवर १३.४. वाढीचा निरोप गाठीच्या आत तोडण्यापेक्षा गाठीला तिच्या रक्षणाच्या निरोपांपासून एकटं पाडणं जास्त लागू पडलं.

इजा थांबवणं

बाजारात ‘यकृत नवं करणारी’ टॉनिकं पुष्कळ मिळतात. यकृताला वाढायला शिकवावं लागत नाही, ते त्याला येतंच. त्याची रोजची इजा थांबवली तर पुढचं तेच पाहतं, आणि जुनाट आजारात त्याला वाढण्याचा आणखी एक निरोप मिळावा अशी इच्छा तर मुळीच धरू नये.

इजा थांबवण्याचं सगळ्यात भक्कम उदाहरण तैवानचं. तिथे १९८४ मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात झाली. दहाएक वर्षांत ६ ते १४ वयाच्या मुलांमधला यकृताचा कर्करोग लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आला, जवळजवळ निम्मा. लस विषाणूविरुद्ध होती, कमी झाला तो कर्करोग. जन्मताना संसर्ग झाला तर दहातल्या नऊ बाळांमध्ये तो कायमचा ठाण मांडतो, मोठेपणी झाला तर शंभरातल्या पाचांहून कमी जणांत. म्हणून पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो. तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, आणि पुढचे सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट लशीतून. प्रसूतीच्या गडबडीत तो पहिला डोस राहू नये, एवढं घरच्यांनी पाहावं.

ज्यांना सिरॉसिस झालेला आहे, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते, बहुधा एएफपी या रक्ततपासणीसह. हिपॅटायटिस सी आता तीन महिन्यांच्या गोळ्यांनी जवळजवळ सगळ्यांचा बरा होतो, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला की अनेक जण दवाखान्याची पायरी चढायचं सोडतात. विषाणू गेल्याने धोका खरोखरच घटतो. पण व्रण आणि डीएनएमध्ये आधीच साठलेल्या चुका मागे राहतात, बी-विषाणूचे रुग्ण असतील तर त्याचे तुकडे गुणसूत्रांत घुसून बसलेले असतात. त्यामुळे सिरॉसिस असेल तर सहामाही सोनोग्राफी पुढेही चालूच ठेवायची. दोन सेंटिमीटरची गाठ सापडली तर ती कापून काढता येते किंवा सुई घालून जाळता येते, पण एवढ्या गाठीमुळे सहसा कुठलीही तक्रार जाणवत नाही: ना दुखणं, ना कावीळ. ती सोनोग्राफीसारख्या तपासणीतच दिसते.